जपानी ऱ्योकानमध्ये पहिल्यांदा जाताय? पाहुण्याने करायची कामं

सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनोस आयरेसला ऑलिंपिक समितीसमोर क्रिस्टेल ताकिगावा या निवेदिकेने 'ओ-मो-ते-ना-शी' हा शब्द एकेक अक्षर सुटं करून उच्चारला. त्याच बैठकीत २०२० च्या ऑलिंपिकसाठी तोक्योची निवड झाली आणि जपानी पाहुणचाराचं हे नाव जगभर गेलं. पर्यटनाच्या जाहिराती पाहून आपला समज होतो की तिथे गेलं की आपण नुसतं बसायचं, बाकी सगळं ते लोक बघतील. पहिल्यांदा जाणाऱ्यांची गडबड होते ती याच समजामुळे. तिथे यजमानाचं बहुतेक काम तुम्ही दारात पाय ठेवायच्या आधीच उरकलेलं असतं. जेवणात काय असेल, कोणत्या भांड्यात असेल, खोलीत कोणतं फूल असेल, हे सगळं ठरलेलं असतं. त्यामुळे ऐनवेळी काही बदला म्हटलं की दोन्हीकडची पंचाईत होते. पाहुण्याने आधी सांगावं, वेळेवर यावं आणि समोर मांडलेलं नीट बघावं, अशी तिथली अपेक्षा असते.

हे सगळं एका रात्रीत अनुभवायचं तर ऱ्योकान, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी वसतिगृह, ही सर्वांत सोपी जागा. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. शेवटी कुणाच्या घरी जायचा योग आला तर काय, तेही थोडं सांगितलं आहे.

१. जागा निवडताना

ऱ्योकान हा फार जुना धंदा आहे. यामानाशी प्रांतातलं केइउनकान इ.स. ७०५ पासून चालू आहे आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पण पहिल्या खेपेला इतक्या नामवंत ठिकाणीच जायला हवं असं नाही. घरगुती, स्वस्त निवास हवा असेल तर 'मिन्शुकु' शोधा. शाकाहारी असाल तर देवळातला निवास, म्हणजे 'शुकुबो', बघा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

दर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऱ्योकानचा भाव बहुधा खोलीमागे नसतो, माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. मध्यम दर्जाच्या ठिकाणी माणशी साधारण १५ ते ३० हजार येन पडतात. गरम पाण्याचे झरे असलेल्या गावात त्यावर स्नानकर लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन. दोघांचा हिशेब एका खोलीच्या भावाने करून गेलात तर बिल बघून धक्का बसेल.

संपूर्ण जपान सहलीत ऱ्योकानची एक रात्र, फार तर दोन, पुरतात. रोज रात्री बारा-चौदा पदार्थांचं जेवण आणि ठरलेल्या वेळा हे सगळं तिसऱ्या दिवशी जड होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. बुकिंग करताना सगळं सांगून टाका

या पायरीवर चुकलात तर पुढचं काहीही नीट होत नाही, विशेषतः मराठी शाकाहारी माणसाचं.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणीदार सार. ते बहुतेक वेळा कोम्बु नावाचं समुद्री शेवाळ आणि 'कात्सुओबुशी', म्हणजे वाळवून धुरवलेल्या बोनिटो माशाचा कीस, यांपासून बनतं. हे दाशी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घालून केलेल्या सूपमध्ये असतं, शिजवलेल्या भाज्यांत असतं, अंड्याच्या वडीत असतं, बुडवून खायच्या सॉसमध्ये असतं. ताटात मासा दिसला नाही म्हणजे मासा नाही, असं समजू नका. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर बऱ्याच ठिकाणी 'मांस नको' एवढाच अर्थ घेतला जातो आणि मासे मोठ्या प्रेमाने वाढले जातात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

म्हणून जे चालत नाही ते पदार्थागणिक लिहा. मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-खेकडे, माशाचं दाशी, जिलेटिन. अंडं चालतं का, दूध चालतं का, हेही वेगळं लिहा. ते त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला जोडून विचारा की कोम्बु आणि सुक्या शिताके अळंब्यांचं दाशी वापरून जेवण होईल का. हा प्रश्न विचारलात की समोरच्याला कळतं, या माणसाला नेमकं काय हवंय ते माहीत आहे. कागदावर जपानीत लिहून घेतलेलं कार्ड जवळ ठेवाच. तोंडी सांगायची वेळ आली तर 'निकु, साकाना, दाशी वा ताबेरारेमासेन' एवढं वाक्य पाठ असू द्या: मांस, मासा, दाशी खाऊ शकत नाही.

हे निदान आठवडाभर आधी कळवा. त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलंत तर आचाऱ्याच्या हातात काही उरत नाही, कारण त्याची खरेदी झालेली असते आणि दाशी सकाळीच काढून ठेवलेलं असतं. काही ऱ्योकान सरळ कळवतात की आम्हाला जमणार नाही. याचा राग मानू नका. अर्धवट काहीतरी वाढण्यापेक्षा नाही म्हणणं त्यांना जास्त सभ्य वाटतं. अशा वेळी 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय नुसता मुक्काम, मिळतो का विचारा आणि जेवणाची सोय बाहेर करा.

शाकाहारी माणसाला मी पहिला मुक्काम वाकायामा प्रांतातल्या कोयासानला करायला सांगेन. कूकाई या भिक्षूला इ.स. ८१६ मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळाला आणि त्याने तिथे शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ उभं केलं. आज तिथली पन्नासएक देवळं पाहुण्यांना ठेवून घेतात. जेवण 'शोजिन ऱ्योरी', भिक्षूंचं: मांस-मासा नाहीच, कांदा-लसणाच्या जातीचे उग्र पदार्थही नाहीत. तिळाचा आणि कुड्झू वेलीच्या पिठाचा लुसलुशीत गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला कोया-दोफू, तेम्पुरा, लोणची, सार, भात. मात्र मुळा, गाजर, कमळकंद, गोबो ही कंदमुळं भरपूर असतात, तेव्हा जैन मंडळींनी तेवढं आधी विचारून घ्यावं. पहाटेच्या प्रार्थनेला पाहुण्यांना बसू देतात, आणि काही देवळांत 'गोमा' हा अग्निविधी होतो, तो भारतातून तिथवर गेलेला आपला होमच. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीला जायचं आणि तिथून केबल कारने वर. वेळ असेल तर कोयासान विद्यापीठात चक्कर मारा, तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

ओकुनोइन या कोयासानच्या दफनभूमीत सकाळी लवकर गेलात तर भिक्षू लाकडी पेटीतून जेवण नेताना दिसतील. कूकाई ८३५ मध्ये गेला असं इतिहास सांगतो. श्रद्धा अशी की तो अजून ध्यानात बसला आहे. म्हणून त्याला रोज दोनदा ताट जातं.

३. वेळ आणि सामान

खोली बहुधा दुपारी ३ वाजता मिळते आणि रात्रीचं जेवण ६ ते ७ च्या दरम्यान सुरू होतं. ६ च्या आधी पोहोचाच. उशीर होणार असेल तर फोन करा, अगदी वीस मिनिटांचा असला तरी. प्रत्येक पदार्थ गरम किंवा गार ज्या क्षणी द्यायचा त्या क्षणाचा हिशेब मागे चाललेला असतो. स्थानकावरून न्यायला गाडी येते का, तेही आधी विचारा. अनेक ऱ्योकान पाठवतात, पण आधी कळवलं असेल तरच.

मोठ्या बॅगा 'ताक्क्युबिन' या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने थेट पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलवर पाठवा. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोहोचतात. ऱ्योकानला एका रात्रीपुरती छोटी पिशवी पुरे. युकाता (अंगात घालायचा साधा सुती किमोनो), टॉवेल, दात घासायचा ब्रश, सगळं तिथे असतं.

४. दारात

काही ठिकाणी दारासमोर पाणी शिंपडलेलं दिसेल. आम्ही तयार आहोत, या, असा त्याचा अर्थ. आत आल्यावर 'गेनकान' लागतं, बूट काढायची खालची फरशी. बूट खाली काढा आणि मोजे घातलेला पाय थेट वरच्या लाकडी पायरीवर ठेवा. मोज्यांनी खालच्या फरशीवर उभं राहू नका. फाटके मोजे घालून जाऊ नका, एवढं सांगायची खरंतर गरज नाही. बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे असतात, पण ऱ्योकानमध्ये बहुतेक वेळा कर्मचारीच ते उचलून नेतात.

मग चपला. मार्गिकेत घालायच्या वेगळ्या, शौचालयात घालायच्या वेगळ्या, आणि तातामीच्या चटईवर कोणत्याच नाहीत. शौचालयातल्या चपला पायात तशाच राहून माणूस जेवणाच्या दालनात येतो, हा परदेशी पाहुण्यांचा नेहमीचा गोंधळ. बाहेर पडताना खाली बघायची सवय लावा.

५. खोलीत

तुमच्या खोलीची जबाबदारी असलेल्या बाईंना 'नाकाई-सान' म्हणतात. सगळ्या ऱ्योकानची मालकीण किंवा व्यवस्थापिका ती 'ओकामी'. नाकाई-सान चहा आणि एखादी स्थानिक मिठाई देतात, जेवणाची आणि न्याहारीची वेळ विचारतात. या वेळी फोन खाली ठेवा आणि ऐका, कारण सगळ्या सूचना आत्ताच मिळतात. मिठाई आधी खा, मग चहा. ती आवडली तर खालच्या दुकानात बहुधा विकायला असते.

चाकांची बॅग तातामीवरून ओढू नका, उचलून न्या. भिंतीत एक थोडा उंच कोनाडा दिसेल, लटकवलेलं चित्र किंवा अक्षरं आणि एक फूल असलेला. तो 'तोकोनोमा'. तिथे बॅग ठेवायची नाही, बसायचं नाही, मोबाइल चार्जिंगला लावायचा नाही. खोलीतली मानाची जागा या कोनाड्याजवळची, दारापासून लांबची असते. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना तिथे बसवा.

त्या फुलाकडे मात्र जरूर बघा. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याच्या बागेत गारवेलीसारख्या वेलींवर निळी फुलं बहरली आहेत असं ऐकून सत्ताधीश हिदेयोशी बघायला आला. बागेत एकही फूल नव्हतं. चिडून तो चहाच्या खोलीत शिरला, तर तोकोनोमात एकच फूल ठेवलेलं. बाकी सगळी रिक्यूने खुडून टाकली होती. गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या कोनाड्यातल्या एका फुलामागे किती विचार असू शकतो, ते तिच्यातून कळतं. तुमच्या खोलीतलं फूलही कुणीतरी त्या दिवशी निवडलेलं असतं. नाकाई-सानना त्याचं नाव विचारा. 'वा, किती छान' असं दहा वेळा म्हणण्यापेक्षा हा एक प्रश्न त्यांना जास्त आवडतो.

युकाता घालताना उजवी बाजू आधी अंगालगत, डावी बाजू त्यावर. उलटी घातली तर मृताला घातल्यासारखी होते. सव्य-अपसव्य आठवलं की हे विसरायला होणार नाही. ऱ्योकानभर, जेवायलाही, युकातामध्ये फिरलेलं चालतं.

६. आंघोळ

सामाईक स्नानगृहात कपड्यांशिवाय जायचं असतं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं. पडद्याचा रंग साधारण लाल आणि निळा, पण काही ठिकाणी रात्री आणि सकाळी जागा आलटून पालटून देतात, तेव्हा काल उजवीकडे होतं म्हणून आज उजवीकडे शिरू नका.

टाकीत उतरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, साबणाचा फेस राहू द्यायचा नाही. केस बांधून घ्या. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नका. बाहेर येताना अंग पुसूनच कपड्यांच्या खोलीत या. गोंदवलेलं असेल तर आधी विचारा, अनेक ठिकाणी अजून मनाई आहे.

सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर ते अगदी समजण्यासारखं आहे. 'काशिकिरी-बुरो', म्हणजे तासाभरासाठी आपल्यापुरतं मिळणारं स्नानगृह, विचारा. कुटुंबाला ते सोयीचं पडतं आणि बुकिंग पोहोचल्या पोहोचल्याच करावं लागतं.

७. जेवण

एकामागून एक छोटे पदार्थ येतात: सुरुवातीचं तोंड चाळवणं, झाकणाचं सार, कच्चे मासे, भाजलेलं, शिजवलेलं. भात, मिसो सूप आणि लोणचं शेवटी. आपण भाताची वाट बघत बसतो आणि तो येतो तेव्हा पोट भरलेलं असतं. साके, म्हणजे तांदळाची दारू, पिणाऱ्यांच्या सोयीने ही रचना झाली आहे. भात लवकर हवा असेल तर सांगा, त्यात काही वावगं नाही.

हात पुसायला ओलं फडकं देतात, हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. ते हातांसाठीच, चेहऱ्यासाठी नाही. सुरू करताना 'इतादाकिमास' (हे अन्न कृतज्ञतेने घेतो) म्हणायचं, संपल्यावर 'गोचिसोसामा देशिता' (जेवणाबद्दल आभार). डावा हात जेवताना खाली ठेवायची सवय इथे मोडावी लागते: भाताचा आणि साराचा वाडगा डाव्या हातात उचलून धरायचा असतो, आणि वाकून ताटाकडे तोंड नेणं बरं दिसत नाही. साराचं झाकण वाफेने घट्ट बसलं असेल तर वाडग्याच्या कडा हलक्या दाबा, सुटतं. खाऊन झाल्यावर झाकण जसं होतं तसंच ठेवा. उलटं ठेवलं तर लाखेच्या कामावर चरे पडतात.

काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. पहिलं मृतासमोर ठेवलेल्या भाताचं, दुसरं दहनानंतर अस्थी वेचण्याचं दृश्य आहे. बाकी नियम चुकले तर लोक हसून सोडून देतात, हे दोन चुकले तर समोरच्याचा चेहरा बदलतो.

पेय दुसऱ्याच्या पेल्यात ओतायचं, आपल्या पेल्यात दुसरा ओततो. रिकामा पेला म्हणजे 'अजून द्या'. नको असेल तर भरलेला तसाच ठेवा. आग्रह करून वाढायची पद्धत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारतील म्हणून पहिल्यांदा संकोचाने नको म्हणू नका.

जेवून खोलीत परत याल तेव्हा बहुधा गाद्या घातलेल्या असतील. सकाळी त्या हलक्या दुमडा, पण कपाटात भरू नका. काही विसरलंय का ते त्यांना बघायचं असतं.

८. पैसे आणि निरोप

टिप द्यायची नाही. सेवेचं शुल्क बिलात धरलेलं असतं. मोठं कुटुंब, लहान मुलं, खास सोय मागितली असेल तर सुरुवातीलाच नाकाई-सानना छोट्या पाकिटात हजार ते तीन हजार येन देण्याची जुनी रीत आहे. ऐच्छिक आहे. उघड्या नोटा हातावर मात्र ठेवू नका.

निघताना कर्मचारी दारात येतात आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत किंवा वाकून उभे राहतात. गाडीत बसल्या बसल्या मोबाइल काढू नका. वळून बघा, मान झुकवा.

९. कुणाच्या घरी बोलावलं तर

हे क्वचित घडतं. आणि बोलावणं तोंडदेखलं आहे की खरं, ते तारीख ठरली की कळतं. दिलेल्या वेळेआधी जाऊ नका. पाच मिनिटं उशिरा गेलेलं उलट बरं, त्यांना शेवटची आवराआवर करता येते. कोट दाराबाहेरच काढा. आत शिरताना 'ओजामा शिमास' (तुम्हाला त्रास देतो) म्हणा.

भेट न्यायचीच. एकेक वेष्टनातला खाऊ उत्तम. आपले पेढे-बर्फी त्यांना फार गोड लागतात. काजू किंवा चांगला चहा सुरक्षित. चार आणि नऊ नगांचा संच टाळा, दोन्ही अंक अशुभ मानतात. भारतातून ताजी फळं नेऊ नका, आंबाही नाही. विमानतळावरच्या वनस्पती तपासणीत जप्त होतात. भेट पिशवीतून काढून दोन्ही हातांनी द्या. ती तुमच्यासमोर उघडली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

स्वयंपाकघरात मदतीला शिरू नका, आधी विचारा. निघायचा विषय पाहुण्यानेच काढायचा असतो, यजमान कधीच काढणार नाही. क्योतोबद्दल तर जपानभर विनोद चालतो की तिथल्या यजमानीणबाईंनी 'थोडा चहा-भात घेता का?' असं विचारलं की समजावं, उठायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवा आणि पुढच्या भेटीत पहिलं वाक्य 'कोनो आइदा वा आरिगातो गोझाइमाशिता', परवाबद्दल आभार. हे दुसऱ्यांदाचे आभार विसरले तर त्यांना ते जाणवतं.

१०. काही बिनसलं तर

या पाहुणचाराला लवचीकपणा कमी आहे, आणि तो दोष मला लपवावासा वाटत नाही. आठ वाजताची न्याहारी नऊला होत नाही. 'मुझुकाशी देस' म्हणजे अवघड आहे, असं उत्तर आलं की ते 'नाही' असतं; तिथे घासाघीस करू नका. ग्राहक म्हणेल ते खरं, या समजाला आता कायदाही आवर घालतो. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने, अवाजवी मागण्या वारंवार करून इतरांच्या सेवेत अडथळा आणणाऱ्या पाहुण्याला मुक्काम नाकारायची मुभा हॉटेलांना आणि ऱ्योकानांना मिळाली. तोक्योने एप्रिल २०२५ पासून ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध अध्यादेश लागू केला आहे.

खरी तक्रार मात्र जरूर करा. खोली गार आहे, ताटात चुकून मासा आला, शेजारी आवाज आहे, जे असेल ते आवाज न चढवता, नेमक्या शब्दांत, खाली काउंटरवर जाऊन त्याच रात्री सांगा. सकाळी बिल देताना सांगितलंत तर ते मनापासून माफी मागतील, पण तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.